तोलून घेतलेली मुलगी

आमची चिऊ सहा-सात महिन्यांची होती, तेव्हा रोज दोनदा तराजूत बसायची. एकदा आबांच्या ताब्यात जाताना आणि एकदा माझ्या ताब्यात परत येताना. एका पारड्यात चिऊ, दुसऱ्यात लोखंडी वजनं, आणि समोर एक डोळा मिटून काट्याकडे बघणारे आबा. "तोलीसन लेसू, तोलीसन देसू," हे त्यांचं ब्रीद.

आबा जळगावच्या मेहरूणमधले आमचे शेजारी. धुळ्याकडच्या बाजारात चाळीस वर्षं मापाडी होते. बायको गेली, मुलगा सुरतेला, म्हणून इथे एकटेच. मोजताना 'एक' हा आकडा त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. मापाडी पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो. त्यामुळे चिऊला वरणाचं पाणी पाजतानाही लाभ, दोन, तीन. दवाखान्याचा जिना चढतानासुद्धा त्यांची पहिली पायरी लाभाची.

ते आम्हाला लाभले तेही अडचणीतच. हिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. हिची शाळा दुपारची. मी टेलिफोन खात्यात सकाळच्या पाळीला, अडीचला घरी. मधल्या तीन तासांत चिऊला ठेवायचं कुठे, यावर हिची नोकरी अडली होती. एका बाईंनी हिचा अर्धा पगार मागितला. दुसरीकडे एका सतरंजीवर आधीच सात पोरं रडत होती. तिसरी म्हणाली, चालायला लागली की आणा. हिने राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला, तेव्हा आबांनी कुंपणावरून हाक मारली, "मन्हाकडे ठेवा ना पोरले, भाऊ." मोबदला काय, तर रोज एक ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेच्यासकट.

छान चाललं होतं. मग थंडीत एके दिवशी घट आली.

मी अडीचला गेलो, तर आबा घामाघूम. सकाळपेक्षा चिऊ दीडशे ग्रॅमनं कमी भरत होती. घट भरून निघेपर्यंत माल देणार नाही म्हणाले आणि वरणाचं पाणी उकळायला ठेवलं. पाच वाजून गेल्यावर ही शाळेतून आली, तेव्हा मी उंबऱ्यावर, आबा चुलीशी आणि चिऊ पारड्यात झोपलेली. हिने वर पाहिलं. दोरीवर चिऊचा स्वेटर आणि टोपरं वाळत होतं. दुधाची गुळणी झाली म्हणून आबांनीच ते धुतलं होतं.

मी पोट धरून हसलो. ही हसली नाही. घरी येऊन म्हणाली, माणूस चांगला आहे, पण माझी पोर म्हणजे कापसाचं गाठोडं नव्हे. उद्यापासून नको. राजीनाम्याचा कागद पुन्हा बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळीच आबा दारात हजर, खांद्यावर गोणी. गोणीत तराजू आणि झाडून सगळी वजनं.

"बाई, काटा तुम्हना घर ठेवा," ते म्हणाले. "पोर मन्हा घर राहू द्या."

हिने चिऊला त्यांच्याकडे दिलं आणि कागद फाडला.

सुट्टी असूनही मी नेहमीसारखा अडीचलाच आणायला गेलो. आबांनी चिऊला दोन्ही तळव्यांवर घेतलं, जरा खालीवर केलं आणि म्हणाले, सात किलो दोनशे. मी खोडकर माणूस. घरी येऊन त्यांच्याच तराजूवर तोलली. बरोबर सात किलो दोनशे.

मी तसाच तिला कडेवर घेऊन परत गेलो. म्हटलं, आबा, हाताला एवढं कळतं, तर मग काटा कशाला लागत होता?

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"हातमाईन हातमा पोर परत देवाले जमत नही, भाऊ," ते म्हणाले. "काटामा ठेवी ना, मंग समजस, ती आपली नही."

संध्याकाळी मी हे हिला सांगितलं. हिने हातातलं काम टाकलं, गोणी उचलली आणि स्वतः जाऊन आबांच्या घरी तराजू टांगून आली.