जगबुडीनंतरचा तवा

तवा न विचारता न्यायचा, एवढाच काय तो निर्णय मी घेतला होता. तोही फक्त एका दिवसासाठी. (माझे सगळे निर्णय एका दिवसाचेच असतात. निस्तरायला वर्ष लागतं.)

मी मर्व टकवेल. मुंडूरा या आमच्या गावच्या खाणीत तीस वर्षं वेल्डिंग केलं. त्या वर्षी आमच्या गावाबाहेरच्या लाल माळावर सिनेमावाले उतरले. जग बुडालंय, पेट्रोल संपलंय, तरी सगळे गाड्यांतूनच एकमेकांच्या जिवावर उठलेत, असा तो सिनेमा. त्यांना हत्यारं हवी होती भंगारातून केलेली. भंगार म्हटल्यावर अख्ख्या गावानं माझ्या शेडकडे बोट दाखवलं.

उगाच बढाई मारत नाही, पण बावीस हत्यारं केली मी. नांगराच्या फाळाचा कोयता, मोटरसायकलच्या चेनचा आसूड, ट्रॅक्टरच्या दातेरी चाकाची गदा! शिवाय प्रत्येकाचा जोड. लोखंडी हत्यार कॅमेरा जवळ आला की दाखवायला, आणि रबरी मारामारीला, म्हणजे कुणाचं डोकं फुटायला नको. रंग असा हुबेहूब दिला होता की आमच्या कुत्र्यानं रबराची समजून लोखंडाची गदा चावली. तो हल्ली भाकरी भिजवून खातो.

सगळं झालं आणि दिग्दर्शिका ट्रिश म्हणाली, "मर्व, टोळीच्या राणीच्या हातात काहीतरी घरगुती दे. बघणाऱ्याच्या पोटात गोळाच आला पाहिजे."

माझ्या डोळ्यांपुढे एकदम नोएलीन उभी राहिली. नोएलीन म्हणजे माझी बायको. तिच्या हातात तिच्या आजीचा बिडाचा तवा.

आता हा तवा काय चीज आहे ते ऐका. त्यावर नोएलीन पिकलेट करते. म्हणजे तळहाताएवढी गोड, जाड धिरडी. गावच्या कृषी प्रदर्शनात सलग सहा वर्षं पहिलं बक्षीस! सातव्यांदा जिंकली की हॉलमधल्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत नाव लागणार होतं. शेजारच्या ग्वेंडा प्रिडलचं नाव त्या फळीवर आधीच आहे, आणि ती ते दर आठवड्याला स्वतः पुसायला जाते.

मी तवा नेला, त्याचे दोन रबरी जुळे केले. एक सिनेमावाल्यांना दिला. अस्सल तवाही दिला, कारण ट्रिश म्हणाली, "हे साठ वर्षांचं काळं कुठून आणू मी? संध्याकाळी परत देते." उरलेला रबरी तवा मी गुपचूप दारामागच्या खिळ्याला अडकवला. नोएलीनला पत्ता लागला नाही. (अभिमानानं माझी छाती फुगली. लाज वाटायला हवी होती, हे मान्य.)

संध्याकाळी तवा आला नाही. सकाळ झाली, प्रदर्शनाची.

"अरे, खोक्यात तवा टाक आणि मला हॉलवर सोड," नोएलीन म्हणाली. "अकराला माझी पाळी आहे. आज नाव लागलं ना मर्व, की आजीला सांगून येईन, तिच्या कबरीवर."

 मी टॉवेलात गुंडाळून रबरी तवाच खोक्यात टाकला आणि तिला हॉलवर सोडलं. म्हटलं, साडेनऊ वाजलेत. माळावर जाऊन अस्सल घेऊन यायला तासभर पुरे.

आणि खरंच पुरला असता हो! पण मी पोचलो तेव्हा राणी एका गाडीच्या टपावर उभी राहून तवा हाणत होती. टण्ण! माळ दणाणला. ट्रिशनं माझा हात धरला. "मर्व, पूर्ण सिनेमात असं हत्यार नाही! बैस, आणखी एकदा बघ."

एकदा बघितलं. मग म्हटलं, राणीचा हात जरा वर हवा. तेही तिनं ऐकलं! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं. मग कुणीतरी चहा दिला. घड्याळात बघितलं तर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तवा तिथंच राहिला, मी गाडी हॉलकडे पळवली.

हॉलच्या दारातून काळा धूर येत होता. परीक्षक बाहेर उभे राहून खोकत होते. ओट्यावर तवा शेगडीवरून दोन्हीकडे ओघळला होता, आणि वर एक पिकलेट अर्धी बुडालेली. नोएलीन अॅप्रनला हात पुसत उभी होती. 

"उचलला तेव्हा हलका लागला," ती म्हणाली. "मला वाटलं, आज अंगात बळ आलंय."

मी सगळं कबूल केलं. पहिलं बक्षीस ग्वेंडाला मिळालं. नोएलीननं माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या आणि तशीच अॅप्रनवर माळाकडे निघाली. मी मागच्या सीटवर.

तिथं ती गाडीच्या टपावर चढली आणि राणीच्या हातातून तवा काढून घेतला. राणीच्या पोटात गोळा आला असावा, कारण ती मुकाट्यानं खाली उतरली.

"बाई, अजून दोन दिवसांचं काम राहिलंय हो!" ट्रिश गयावया करू लागली.

"तवा रोज मी आणीन, रोज मी नेईन," नोएलीन म्हणाली. "आणि नाव माझं लागेल. मोठं."

वर्षभरानं त्याच हॉलमध्ये पडदा बांधून सिनेमा दाखवला. सगळं गाव लोटलं होतं. माझी एकवीस हत्यारं धुळीत नि धुरात कुठे गेली, देव जाणे. गदा दिसली, पण पाठमोरी. तवा मात्र पडदाभर! शेवटी नावं आली आणि एका ओळीला हॉल शिट्ट्यांनी दणाणला. 'राणीचा तवा : नोएलीन टकवेल.' सोनेरी अक्षरांत, फळीवरच्या नावांपेक्षा चौपट मोठं. ग्वेंडासुद्धा टाळ्या वाजवत होती. नोएलीन रडत होती, आणि खरं सांगतो, मीही.

मग अगदी तळाला बारीक ओळ आली. 'तव्याची ने-आण : नोएलीनचा नवरा.'

मी ताठ झालो. "बघ, माझंही नाव आलं!"

नोएलीननं डोळे पुसले, चष्मा लावला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकलंय ते. यानं नुसता नेला. आणला मी."