जावयाला थंडी वाजत नाही

शिवतेजनं त्या दिवशी मान हलवली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मुलगी बघायच्या कार्यक्रमात माणूस मान हलवण्याखेरीज करणार तरी काय? हातात पोह्यांची बशी, शेजारी मामा, समोर मुलगी आणि मुलीचे वडील. (बशी नसती तरी शिवतेज बोलला नसता, ही गोष्ट वेगळी. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायची लाज वाटायची, म्हणून तो वर्गात बसूनही गैरहजर लागायचा. नववीत शाळा सुटली तेव्हा ती सुटल्याचं कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.)

मुलीचे वडील कमळाकर. करावे गावातले, खाडीत आयुष्य घालवलेले. त्यांनी विचारलं, "कोल्ड स्टोरेजमदी कामाला हाय म्हनता. किती थंड असतं तिथं?"

"वजा अठरा," मामांनी परस्पर सांगितलं.

"म्हनजे शून्याच्या बी खाली? आनि तुमाला थंडी नाय वाजत?"

मोठं माणूस काही विचारतंय म्हटल्यावर शिवतेजनं आदरानं मान हलवली.

"नाय वाजत!" कमळाकर उठून उभेच राहिले. "अगं मालती, ऐकलंस का? जावयाला थंडी वाजतच नाय!"

'जावई' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला आणि लग्न ठरलं. आता एवढ्या शुभ वेळी 'मला फार वाजते हो' असं कोण म्हणणार?

खरी गोष्ट अशी होती की द्रोणागिरीच्या त्या गोदामात शिवतेजइतका काकडणारा माणूस दुसरा नव्हता. कंपनीच्या जाड कोटाखाली तो दोन स्वेटर घालायचा, स्वेटरखाली थर्मल, थर्मलखाली बनियन आणि बनियनखाली आईनं दिलेला ताईत. इतर लोक फ्रीजरमधून बाहेर आले की बिडी पेटवायचे. शिवतेज बाहेर आला की उन्हात तापलेल्या ट्रकच्या पत्र्याला पाठ लावून डोळे मिटायचा. सुपरवायझर रणजीत म्हणायचा, "अरे, तू इकडं कशाला आलास? तू भट्टीवर पायजे होतास."

सासरी मात्र कीर्ती पसरली होती. करावे गावात तो जेवायला गेला की पंखा पाचवर. कूलर आणला तो थेट त्याच्या तोंडासमोर. दिवाळसणाला तर कळस झाला. पहाटे सगळ्यांना उटण्याबरोबर कढत पाणी मिळालं आणि सासूबाई मालतीबाईंनी कौतुकानं जावयापुढे टाकीतलं गार पाणी ठेवलं. वर कमळाकर शेजाऱ्यांना गोळा करून आले, जावयाची आंघोळ बघायला. पहिला तांब्या अंगावर पडल्यावर शिवतेजच्या तोंडून जो आवाज निघाला, तो लोकांना आनंदाचा वाटला.

हे सगळं तो सोसत होता. बायको भाविका त्याला मनापासून आवडत होती. ती दिवसभर बोलायची, तो ऐकायचा, आणि खांदेश्वरच्या त्या एका खोलीत दोघांचं छान चाललं होतं. डिसेंबर येईपर्यंत.

डिसेंबरात भाविकाच्या मैत्रिणीनं अमृतसरहून व्हिडिओ पाठवला. मैत्रीण बोलत होती आणि शब्दाशब्दाला तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"अहो, बघा ना!" भाविकानं मोबाईल त्याच्या नाकाला लावला. "नुसतं 'हाय' बोलली तरी वाफ! मी जन्मात माझी वाफ नाही बघितली. आपल्याकडं कुठं बघणार? इथं जानेवारीतपण घामोळं येतं."

"हं," शिवतेज म्हणाला.

"आपण जाऊया. जानेवारीत. अजून गाडीत जागा आहे. जाऊया ना?"

शिवतेजनं दुसऱ्या दिवशी रणजीतला विचारलं. रणजीतचे काका फौजेत होते, तिकडच्या छावणीत राहून आलेले. रणजीत म्हणाला, "अमृतसर? जानेवारीत तिथं हाडं गोठतात. आणि मे महिन्यात मेंदू पातळ होतो. काका सांगतात, उन्हाळ्यात तिथं कावळेसुद्धा बूट मागतात."

मे महिन्याशी शिवतेजला काही देणंघेणं नव्हतं. त्यानं फक्त हाडांचं ऐकलं. आठवड्याचे सहा दिवस वजा अठरात काढायचे आणि वर्षातली एकुलती एक मोठी सुट्टीही थंडीतच घालवायची? पण बायकोनं लग्नानंतर मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही म्हटलं तर ती हिरमुसणार. का नाही म्हणतोय ते सांगितलं तर सासरचा सगळा डोलारा कोसळणार. गावभर ज्याची आंघोळ गाजली, तो जावई काकडतो म्हटल्यावर राहिलं काय?

त्यानं आडून आडून प्रयत्न केला.

"तिकडं धुकं असतं म्हणे."

"मस्तच की!"

"गाड्या उशिरा येतात."

"आपल्याला कुठं ऑफिस गाठायचंय?"

"तुला सोसणार नाही गं थंडी."

"मला नाही सोसली तर तुम्ही आहात ना. तुम्हाला तर वाजतच नाही. तुमची शाल पण मी घेईन."

तेव्हा शिवतेजला युक्ती सुचली. (त्याला युक्त्या क्वचितच सुचायच्या, आणि एवढं बोलायची हिंमत तर त्याहून क्वचित व्हायची.) तो म्हणाला, "असं कर. आधी आमच्या गोदामात येऊन थंडी बघ. रविवारी काम कमी असतं. सोसली तर तिकिटं काढ."

हिशोब सोपा होता. भाविका आत येणार, किंचाळणार, पळत बाहेर येणार आणि स्वतःच म्हणणार, 'नको बाई ते अमृतसर!' शिवतेजला नाही म्हणावंच लागणार नव्हतं.

रणजीत आधी तयार नव्हता. शेवटी "पाच मिनिटं, आणि कशाला हात लावायचा नाही," या बोलीवर कबूल झाला.

रविवारी गोदामाच्या गेटावर रिक्षा थांबली. आधी भाविका उतरली. मग मालतीबाई उतरल्या, हातात डबा घेऊन. मग कमळाकर उतरले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि कमळाकरांच्या डोक्यावर माकडटोपी होती. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकडून मागून आणलेली. टोपीतून घामाच्या धारा मिशीवर उतरत होत्या.

"आईला फोनवर सांगितलं," भाविका म्हणाली, "तर म्हणाली आम्हीपण येतो."

"जावयाचा थाट बघायचा हाय!" कमळाकर म्हणाले. "सगल्या आळीला सांगून आलोय, जावय आनि पोरगी अमृतसरला चालली."

खुंटीवर जादा कोट दोनच होते. एक भाविकानं घातला, एक मालतीबाईंनी. रणजीतनं स्वतःचा अंगातच ठेवला. शिवतेज आपला कोट घालत होता, तेवढ्यात कमळाकरांनी तो हळूच, प्रेमानं, त्याच्या खांद्यावरून काढून घेतला.

"तुमाला कशाला? तुमाला वाजतच नाय."

शिवतेजनं मान हलवली. (रविवारची सुट्टी म्हणून त्या दिवशी त्यानं आत दोन स्वेटर घातले नव्हते. लग्नातला शर्ट घातला होता, सासरचे येणार म्हणून.) हातमोजे मालतीबाईंनी मागितले. तेही गेले.

जाड दरवाजा सरकला आणि सगळे आत शिरले. शिवतेज डोळ्याच्या कोपऱ्यातून भाविकाकडे बघत होता. आता किंचाळेल. आता पळेल.

भाविकानं तोंड उघडलं. "हा," ती म्हणाली.

पांढरी वाफ तिच्या तोंडातून निघाली आणि हळूहळू वर गेली. भाविका तिच्याकडे बघत राहिली. मग ती पुन्हा "हा" म्हणाली. मग "हू" म्हणाली. मग स्वतःचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, करावे गावाचं घेतलं, आणि प्रत्येक नावाची वाफ बघून टाळ्या वाजवू लागली.

एक आशा संपली. राहिल्या मालतीबाई. त्या नक्की म्हणतील, 'चला गं बाई बाहेर.' पण शिवतेज एक गोष्ट विसरला होता. गोदाम होतं मासळीचं आणि मालतीबाईंनी तीस वर्षं सीवूड्सच्या बाजारात मासळी विकली होती.

"अगं बया!" मालतीबाई दोन पावलं पुढं गेल्या आणि थांबल्या. छतापर्यंत खोकीच खोकी. एका टेबलावर उघडे ट्रे ठेवलेले, त्यात पापलेटं. "ही कोनाची?"

"परदेशी जाणार आहेत, मावशी," रणजीत म्हणाला. "हात नका लावू."

मालतीबाईंनी एव्हाना एक पापलेट उचललं होतं. त्यांनी ते टेबलावर आपटून बघितलं. खण्ण आवाज आला. "दगूड झालाय. याचे कल्ले कसे बघायचे? कल्ले बघितल्याबिगर कोन घेतं?"

"तिकडं कल्ले बघत नाहीत मावशी."

"मग काय बघतात? मिशी?" त्यांनी दुसरं उचललं. "जावय, हा ट्रे धरा जरा. नीट बघू दे मना."

शिवतेजनं ट्रे धरला. उघड्या हातांनी. बर्फासारख्या त्या पत्र्यानं त्याच्या बोटांचा असा काही मुका घेतला की सोडायचं नावच नाही.

"कसा लावला?" मालतीबाईंनी रणजीतला विचारलं.

"विकायचं नाहीये, मावशी."

"तसं सगलेच बोलतात. बोला, कसा?"

"अहो, हा माझा नाहीये माल!"

"मग ज्याचा हाय त्याला बोलवा. मी थांबते."

आणि खरोखरच त्या थांबल्या. रणजीत एकीकडे विनवत होता, त्या दुसरीकडे भाव पाडत होत्या. कमळाकर खोकी थोपटत हिंडत होते आणि माकडटोपीतून म्हणत होते, "वा! घाम सुकला! एवढं बरं मना पावसाळ्यात बी नाय वाटत." खाडीच्या वाऱ्यात आयुष्य काढलेली ती माणसं, अंगात कोट, समोर मासळी. त्यांना थंडी आठवणार कशी?

ती एकट्या शिवतेजला आठवत होती. आधी कान गेले. मग नाक आहे की नाही, हे बघायला हवं होतं, पण हात ट्रेला चिकटलेले. तो थरथरू लागला. ट्रेमधली पापलेटं एकमेकांवर वाजू लागली.

"बघ, बघ," कमळाकर बायकोला म्हणाले, "जावय कसा खुशीत डोलतोय. घरच्यासारखं वाटतं त्याला इथं."

'बाहेर जाऊया,' असं म्हणायला शिवतेजनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. जबडा हलला नाही. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले आणि तो श्वास कोंडून उभा राहिला. श्वास घेतला की थंडी छातीत शिरत होती.

तेवढ्यात भाविका नाचत त्याच्यासमोर आली. "अहो, तुम्ही पण करा ना वाफ! दोघांची एकत्र करूया. एक, दोन, तीन, हा!"

तिची वाफ निघाली. शिवतेजची निघाली नाही.

"करा ना!" तिनं पुन्हा फुंकर मारली आणि वाट बघितली. शिवतेजच्या मिटल्या ओठांतून काहीच आलं नाही. भाविकाचं हसू विरलं. तिनं त्याचा गाल चाचपला आणि ती किंचाळली. ज्या किंचाळीची शिवतेज मघापासून वाट बघत होता ती अखेर आली, पण त्याच्यासाठी.

"आई! ह्यांची वाफ बंद झाली!"

मग एकच धावपळ. मालतीबाईंनी पापलेट टाकलं. रणजीतनं मासळीची ट्रॉली ओढली. शिवतेजला ट्रेसकट तिच्यावर आडवं केलं, कमळाकरांनी मागून ढकललं आणि माल बाहेर उन्हात निघाला. गेटावरच्या माणसानं सवयीनं विचारलं, "कुठं लोड करायचा?"

तापलेल्या ट्रकला टेकवून त्याला बसवलं. मालतीबाई तळवे चोळत होत्या, रणजीत चहा पाजत होता, भाविका त्याचे दोन्ही हात आपल्या ओंजळीत धरून त्यांवर फुंकर घालत होती. दुसऱ्या चहानंतर जबडा सुटला. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच शिवतेज न विचारता स्वतःबद्दल एक पूर्ण वाक्य बोलला.

"मला थंडी वाजते."

कमळाकरांनी सावकाश माकडटोपी काढली.

"खूप वाजते," शिवतेज म्हणाला. आता सुरू झालंच होतं. "पहिल्यापासून. दिवाळीत पण वाजली. पंखा पाचवर असतो तेव्हा पण वाजते."

"अवो जावय," मालतीबाई म्हणाल्या, "मग तोंड कशाला दिलंय देवानं? नुस्ता भात खायला?"

भाविका आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तरी तुम्ही मला घेऊन अमृतसरला येणार होतात?"

खरं तर तो येणार नव्हता, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण ती इतक्या मायेनं बघत होती की शिवतेजनं मान हलवली.

संध्याकाळी करावे गावात सासरी जेवण होतं. शिवतेजच्या पुढ्यात कढत रस्सा होता, पंखा चक्क बंद होता, कूलर भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि दोन चादरी पांघरून जावई घामानं निथळत होता. त्याला इतकं सुख कधी झालं नव्हतं. पत जायची ती जाऊन वर माया मिळाली होती.

"जानेवारीचं रद्द," भाविकानं जाहीर केलं. "वाफ मी बघितली. माझ्या नवऱ्याला जे सोसत नाही ते मला नको."

शिवतेजला भरून आलं.

"पण अमृतसर काही रद्द नाही," ती पुढं म्हणाली आणि मोबाईल त्याच्या नाकाला लावला. "तिथं ऊब कधी असते, ते मी शोधून काढलं. मे महिन्यात! हॉटेल बुक पण करून टाकलं. तेव्हा खोल्या कशा अर्ध्या भावात मिळतात बघा. फक्त रद्द करता येत नाही, म्हणून तर इतक्या स्वस्त."

शिवतेजच्या डोळ्यांपुढे बूट मागणारे कावळे उभे राहिले. त्यानं तोंड उघडलं. ह्या वेळी जबडा मोकळा होता, ओठ मोकळे होते, शब्द जिभेवर आले होते.

तोवर ओटीवरून कमळाकरांचा आवाज आला. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते. गोदामातून आल्यापासून उतरलेला त्यांचा चेहरा पुन्हा उजळला होता.

"अरे नाय, नाय, जानेवारीत नाय! मे महिन्यात चाललेत! ... ऊन? ट्रकच्या तापल्या पत्र्याला पाठ लावून बसतो तो, आज माझ्या डोल्यानी बघितलं!" त्यांनी फोन कानाचा काढून आत डोकावलं. "काय जावय? तुमाला ऊन लागतच नाय ना?"

सगळे शिवतेजकडे बघू लागले.

मोठं माणूस काही विचारत होतं. शिवतेजनं मान हलवली.