खांद्याला किती माणसं

लिंबागणेशच्या गणपतीपुढे राजनंदिनीचं जावळ काढलं, त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, तिचा बाप रविराज पुण्याच्या एका कारखान्यात कायम झाला आणि बायकोला व लेकीला तिकडे न्यायचं ठरलं. कारखान्यातल्या मित्रांना विचारून रविराजने पाच वस्त्यांचा तक्ता करून गावी पाठवला. शाळा किती लांब, दवाखाना किती लांब, नळाला पाणी किती वेळ, असे सगळे रकाने त्यात होते. त्याचे वडील बद्रीनाथअण्णा यांनी चष्मा लावून तो तक्ता दोनदा वाचला आणि म्हणाले, "ह्यात मेन रकाना न्हाई."

"कोणता, मामा?" सून तेजश्रीने विचारलं.

"खांद्याला किती माणसं येत्यात, त्यो."

अण्णांचं म्हणणं उगाच नव्हतं. दोन वर्षांमागे गावातला नाथा पुण्यात वारला, तेव्हा अण्णा त्याला आणायला गेले होते. तिसऱ्या मजल्यावरून त्याला खाली आणायला एक अण्णा, एक नाथाचा मेव्हणा आणि दोन पाण्याच्या बाटल्या पोचवणारे, एवढेच जण मिळाले. बाटलीवाले भले होते, पण त्यांना पुढच्या इमारतीत जायची घाई होती. तेव्हापासून अण्णांनी वस्तीची किंमत एकाच मापाने करायची ठरवली. त्यांच्या आळीत कुणाचंही मयत असो, दीडशेच्या खाली माणूस येत नसे. वैरी असला तरी येई, आणि आला की मागच्या भांडणाचं बोलून घेई.

"माझं पोरगं परक्या ठिकाणी ठेवायचंय," अण्णा म्हणाले. "येळ काय सांगून येती का?"

"शाळेची येळ सांगून आलीय," तेजश्री म्हणाली. "पंधरा जूनला सुरू हाय. त्याच्या आत घराचा करार दाखवायचाय, न्हाईतर राजनंदिनीची जागा जाती."

त्यावर अण्णांनी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सचिव निवृत्त ग्रामसेवक बिभीषणभाऊ, ज्यांना कागदाशिवाय जेवण पचत नसे. सदस्य म्हणून सुग्रीव, जो मेंढरं राखायचा आणि ज्याला समितीत का घेतलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बिभीषणभाऊंनी पहिल्याच बैठकीत 'वस्ती निवड निकष' तयार केले. शंभरपैकी पाच गुण शाळेला, पाच पाण्याला आणि नव्वद अंत्ययात्रेतल्या उपस्थितीला.

मे महिन्याच्या मध्यावर तिघे पुण्यात उतरले आणि रविराजच्या खोलीवर, चार पोरांच्या मध्ये, सतरंज्या टाकून राहिले. त्यांना घरं दाखवायला तानाजी नावाचा दलाल होता. मूळचा बीडकडच्याच कड्याचा, म्हणजे जवळजवळ घरचाच. त्याने पहिल्या दिवशी त्यांना एकशेचाळीस सदनिकांच्या एका सोसायटीत नेलं. व्यायामशाळा दाखवली, पोहण्याचा तलाव दाखवला, फवारा चालू करून दाखवला. अण्णा सगळं बघून झाल्यावर सेक्रेटरीसमोर बसले.

"साहेब, हितं माणूस मेल्यावर किती लोक येत्यात?"

सेक्रेटरी दचकले नाहीत. सोसायटीत कुठल्याही प्रश्नाला नियम असतो, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी कपाटातून फाईल काढली.

"मयतासाठी आमची स्वतंत्र नियमावली आहे. पार्थिव सामानाच्या लिफ्टमधून, सकाळी अकरा ते चार. पाहुण्यांच्या गाड्या जास्तीत जास्त सहा. रडायचं असेल तर क्लब हाऊस उपलब्ध आहे, मात्र अठ्ठेचाळीस तास आधी लेखी अर्ज लागतो."

"कुणाचा?" सुग्रीवने विचारलं.

"ज्यांच्याकडे कार्यक्रम आहे त्यांचा."

बिभीषणभाऊंना ही सोसायटी फार आवडली. अण्णांचं समाधान झालं नाही. नियम आहेत, पण माणसं किती, ते कागदावर कुठेच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आणखी तीन वस्त्या झाल्या. एकीकडे कुणी म्हणालं, "आमच्याकडे असं काही होतच नाही." दुसरीकडे म्हणाले, "ते ज्याचं त्याचं वैयक्तिक असतं." तिसरीकडे पहारेकऱ्याने फाटकातच विचारलं, "कुणाला भेटायचंय?" आणि सुग्रीव म्हणाला, "अजून ठरलं न्हाई." तिथून त्यांना परत पाठवलं.

तानाजीने आता गिऱ्हाईक ओळखलं होतं. त्याने त्यांना पुन्हा पहिल्याच सोसायटीत आणलं आणि हळू आवाजात सांगितलं, "अण्णा, मयताला ही एक नंबर जागा हाय. शंभरच्या खाली माणूस येतच न्हाई."

"तू बघितलं का?"

"ऐकून हाय."

"बैल घेताना कुणी ऐकून घेतंय का बे? चालवून बघावा लागतो."

समितीच्या इतिवृत्तात पुढची ओळ अशी आहे: 'प्रात्यक्षिक पाहिल्याखेरीज निर्णय घेऊ नये असे सर्वानुमते ठरले.'

आता प्रात्यक्षिकासाठी कुणीतरी मरायला हवं होतं. तानाजीने डोकं खाजवलं आणि पहिल्या मजल्यावरच्या विजयसिंहरावांचं नाव सुचवलं. वय शहाऐंशी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सोसायटीचे पहिले अध्यक्ष. महिन्याभरापासून अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितलेले. मुलगा याच शहरात होता, बारा किलोमीटरवर, म्हणजे दिवाळीला येण्याइतका दूर. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन खाऊ घालून जाई.

ही वाट पाहणं बरं दिसत नव्हतं, हे अण्णांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की निदान रोज जाऊन तब्येत विचारावी. तिघे पहिल्या दिवशी गेले, पलंगाभोवती बसले. म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"आपण कोण?"

"बीडकडचे," अण्णा म्हणाले.

"माझ्याकडे काय काम काढलंत?"

बिभीषणभाऊ 'सदिच्छा भेट' असं म्हणणार होते, तेवढ्यात सुग्रीव बोलला. "आमी तुमी कवा जाताव ते बघाया आलोत. ह्यांच्या पोराला हितं घर घ्यायचंय. मयताला किती माणूस येतंय ते मोजायचंय."

मग विजयसिंहराव हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकल्यानंतर त्यांनी उशीला टेकून बसवायला सांगितलं आणि बसल्यावर चहा मागितला. कामाच्या बाईने नंतर सांगितलं की त्यांनी स्वतःहून काही मागितल्याला दोन महिने झाले होते.

"किती आले म्हणजे तुमच्याकडे पास?" त्यांनी अण्णांना विचारलं.

"शंभर."

"येतील. या सोसायटीचं पाणी मी आणलं. अर्ज घेऊन वर्षभर हिंडलो. प्रत्येक घरातला एक धरला तरी एकशेचाळीस होतात. तुम्ही उद्या या, मी यादी करतो."

दुसऱ्या दिवशी यादी करायला बसले. तिसऱ्या दिवशी यादीतली सात नावं आधीच वारली आहेत असं निघालं, तेव्हा नवी यादी केली. सुग्रीव खोलीवरून भाकरी आणि ठेचा घेऊन येऊ लागला. विजयसिंहराव आधी वास घ्यायचे, मग तुकडा खायचे, मग अर्धी. आठव्या दिवशी ते काठी घेऊन गॅलरीत आले. बाराव्या दिवशी चौघे खाली बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होते.

"हा यायचा," विजयसिंहराव म्हणायचे. "ही कुत्र्याला फिरवायला जाते, त्याच वेळेला निघालं तर येईल. हा नाही यायचा, याच्याशी गाडी लावण्यावरून वाद आहे."

"वैरी तर पयला यायला पायजे," अण्णा म्हणाले.

"तुमच्याकडे. आमच्याकडे वैऱ्यालाही वेळ नसतो."

पंधरा दिवसांची मुदत टळली. डॉक्टर येऊन आश्चर्य करून गेले. तानाजी वैतागला. "अण्णा, तुमीच त्यांना उभं केलंत. आता ह्यो माणूस पाच वर्षं जात न्हाई." बिभीषणभाऊंनी इतिवृत्तात लिहिलं: 'समितीच्या नियंत्रणाबाहेरील कारणास्तव प्रात्यक्षिक लांबणीवर.'

चौदा जूनला दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. तेजश्री एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात राजनंदिनीला धरून उतरली. ती सेक्रेटरींकडे गेली, तिसऱ्या मजल्यावरची मोकळी सदनिका पाहिली, आणि कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेल्या रविराजला करारावर सही करायला लावली. मग बाकाजवळ आली.

"कावून इतकी घाई केलीस?" अण्णा म्हणाले. "समितीचं अजून ठरायचंय."

"मामा, मयताचं तुमी बघा. मी शाळेचं बघते."

इतिवृत्तात नोंद झाली की प्रकरण विचाराधीन असतानाच त्याची अंमलबजावणी झाली. गावाकडे पाऊस पडल्याचा छबुबाईंचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, फोन आला. पेरणी खोळंबली होती. तिघांनी पिशव्या उचलल्या. विजयसिंहराव फाटकापर्यंत काठी टेकत आले.

"परत कधी?"

"येतोच की," अण्णा म्हणाले. "पेरणी झाली की."

पेरणी झाली. मग खुरपणी आली, मग पोळा, मग गावच्या रस्त्याचं उद्घाटन, मग कापूस. मधल्या काळात विजयसिंहराव एकटे बाकावर बसत. सकाळी राजनंदिनी शाळेच्या गाडीची वाट बघत त्यांच्याशी दोन मिनिटं बोले. तिच्याकडे तेवढाच वेळ असे. नवरात्रानंतर ते खाली यायचे थांबले.

नोव्हेंबरात एका सकाळी सात वाजता तेजश्रीचा फोन आला.

"मामा, तुमचे विजयसिंहराव गेले. मोजायला येताव का?"

अण्णा वेचणीच्या बायका घेऊन शेताकडे निघाले होते. सोडल्या तर बायका पुन्हा मिळत नव्हत्या, ही खरीच अडचण होती. त्यांनी बिभीषणभाऊंना विचारलं. बिभीषणभाऊंना तालुक्याला जायचं होतं. दोघांनीही सोसायटीच्या ग्रुपवर, ज्यात तानाजीने त्यांना जूनमध्येच घालून ठेवलं होतं, जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. सुग्रीवकडे बटणांचा साधा फोन होता. त्यातून हात जोडता येत नसत. म्हणून त्याला मेंढरं भावाच्या हवाली करून एसटीने जावं लागलं.

तो अडीच वाजता पोचला तेव्हा तिरडी खाली आणून ठेवलेली होती. मुलगा होता, रविराज होता, पहारेकरी होता. चौथ्याची वाट बघणं चाललं होतं, कारण चारला मुभा संपत होती.

तिसऱ्या दिवशी सुग्रीव परत आला. अण्णा पारावर होते.

"किती आलते बे?"

"मला धरून चार."

अण्णांनी स्वतःचा फोन काढून त्या दिवशीचे आपले जोडलेले हात बघितले. खाली निळ्या खुणा होत्या, म्हणजे ते पोचले होते. मग बिभीषणभाऊंनी ग्रुप उघडून मोजणी केली. एकशे सत्त्याऐंशी जणांनी हात जोडले होते.

संध्याकाळी समितीची शेवटची बैठक झाली. बिभीषणभाऊंनी ठराव मांडला की काळाची गरज लक्षात घेता, फोनवर पाठवलेले दोन हात हे एक हजर माणूस समजावेत. अण्णांनी अनुमोदन दिलं, कारण त्यांची स्वतःची हजेरी त्यातच लागत होती. सुग्रीव म्हणाला, "मग मी उगंच गेलतो." ते विरोधी मत म्हणून नोंदवलं. सोसायटीला नव्वदपैकी नव्वद गुण मिळाले आणि रविराजचं घर योग्य ठिकाणी असल्याचं पत्र त्याला पाठवण्यात आलं.

हा ठराव मागील तारखेपासून आणि सर्व गावांना लागू आहे. तेव्हा आपणही गेल्या दोन-चार वर्षांत जिथं जिथं असे हात पाठवले असतील, तिथं तिथं आपली हजेरी लागलेली आहे. काळजी नसावी.

विजयसिंहराव वारले ते बुधवारी, २९ नोव्हेंबर २०२३ रोजी, सकाळी सव्वासहा वाजता.