मास्तरांनी बसवलेला कार्बोरेटर

"अहो, त्या नळ्या स्वच्छ पुसून ठेवल्यात हं मी," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, आणि मास्तरांच्या हातातला पाना निसटून पायावर पडला.

"पुसून? खडूसकट?"

"मग काय तशाच ठेवू? आपल्या दुकानातून आजवर खडूची रेघ असलेला कपडा बाहेर गेलाय का?"

नव्हता गेला, हे खरंच होतं. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. ते खडूने खुणा करायचे, शिवायचे, आणि गिऱ्हाइकाच्या हाती कपडा पडण्याआधी मास्तरीणबाई ब्रश मारून खुणेचा मागमूस ठेवायच्या नाहीत. दोघांचा संसारच मुळी या शिस्तीवर चालला होता. पण आज अंगणात कपडा नव्हता. थोरल्या भावाच्या बोटीचं इंजिन होतं, आणि त्याचा जुना कार्बोरेटर काढताना सुटलेल्या चार काळ्या नळ्या होत्या. कुठली नळी कुठे जाते त्याच्या खुणा मास्तरांनी आपल्या सवयीने पांढऱ्या खडूने केल्या होत्या. आता त्या चारही नळ्या ओळीने पडल्या होत्या, अगदी नव्यासारख्या.

नवा कार्बोरेटर विकणारा इंजिनवाला बिचारा म्हणाला होता, "मास्तर, मी येऊन बसवतो. आतल्या नळ्या फार घोटाळा करतात."

"मी कोटाची बाही बसवतो, तुझ्या नळीचं काय घेऊन बसलास?" असं म्हणून मास्तर कार्बोरेटरचा डबा घेऊन निघाले होते.

घाई होती, त्याला कारणही होतं. दादा संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे निघाला होता, आणि तो कायमचा निघाला होता. वहिनी गेल्यापासून तो एकटाच होता. जायचं ठरल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "एकदा तलावात फेरी मारू या रे दोघं. मग बोट तुझी." इंजिन मात्र खोकत होतं. दादाची शेवटची फेरी झोकात व्हावी एवढीच मास्तरांची इच्छा होती, आणि ती पुरी करण्याचा मान त्यांना दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता.

"दादांना विचारा ना फोन करून," मास्तरीणबाई म्हणाल्या. "इंजिन त्यांचंच आहे."

"काही नको! त्याला कळलं म्हणजे जन्मभर चिडवेल."

पेट्रोलची नळी वासाने ओळखता आली. दुसरी जाड होती, ती एकाच तोंडावर बसत होती. उरल्या दोन, जुळ्या बहिणींसारख्या. मास्तरांनी टेप काढली. एक नळी दुसरीपेक्षा बोटभर लांब निघाली. लांब नळी लांबच्या तोंडाला, आखूड जवळच्या, असा सरळ हिशेब त्यांनी केला. तरी लांब नळीला मधे झोळ येत होता. झोळ हा शब्द नुसता मनात आला तरी मास्तरांचा हात कात्रीकडे जातो. त्यांनी जादाचा तुकडा कापून टाकला.

दोरी ओढली. इंजिन चक्क सुरू झालं! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ते लगेच बंदही केलं, कारण पाण्याबाहेर इंजिन फार वेळ चालवू नये, एवढं त्यांना माहीत होतं.

दुपारी ते काठावर पोचले. दादाला फळकुटावर बसून पाठ दुखू नये म्हणून मास्तरांनी दुकानातली गादीची खुर्ची आणली होती. तिला जागा व्हावी म्हणून वल्ही काठावर ठेवली. दादाची बॅग आणि दोघांचे फोन मास्तरीणबाईंच्या ताब्यात दिले, भिजायला नकोत म्हणून. सगळं कसं बेतशीर झालं होतं.

तलावाच्या मध्यावर दादाने मागे वाकून पाहिलं. "काय रे, मागून पाण्याची धार नाही पडत ती?"

"नव्या कार्बोरेटरला धार नसते दादा," मास्तर ठसक्यात म्हणाले.

"असं? सुधारणा झाली म्हणायची."

त्या दोन जुळ्या नळ्यांची अदलाबदल झाली होती, आणि इंजिन गार करून बाहेर पडणारी ती धार आता इंजिनाच्या हवेच्या तोंडात पडत होती. इंजिन तलावाचं पाणी यथेच्छ प्यायलं, त्याने दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. मास्तरांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, शेवटी ती तुटून हातात आली.

"वल्ही कुठायत?" दादाने विचारलं.

मास्तरांनी नुसता काठाकडे हात केला. मग दोघं उभे राहून ओरडले, हात हलवले. काठावरून मास्तरीणबाईंनीही मोठ्या आनंदाने हात हलवला आणि पदर सावरून पुन्हा बसल्या.

ऊन उतरलं. पलीकडच्या रस्त्यावरून दादाची संध्याकाळची एसटी हॉर्न देत गेली. दादा खुर्चीतून तिच्याकडे बघत राहिला. मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगावी. पण खाली धरणीही नव्हती. शेवटचा दिवस, शेवटची फेरी, आणि आपल्या शहाणपणाने सगळ्याची माती. काय म्हणून इंजिनवाल्याला नाही म्हणालो?

"दादा..."

"बोलू नकोस," दादा म्हणाला. "मुद्दाम केलंस ना? मला थांबवायला?"

हे मास्तरांच्या स्वप्नातही नव्हतं. दादाला थांबवावं असं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. माणसाने जायचं ठरवलं की त्याची तयारी करून द्यायची, एवढंच त्यांना कळत होतं. दादाचा चेहरा मात्र उजळला होता, आणि तो विझवायची मास्तरांची छाती झाली नाही.

"हो," ते म्हणाले.

"गाढवा," दादा हसला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "मग त्याच दिवशी तोंडाने बोलायचं होतंस रे. मी जातो म्हणून सांगायला आलो, तेव्हा वाटलं होतं तू अडवशील. तू टेप काढलीस आणि कोटाचं माप घेतलंस."

"तिकडे थंडी असते म्हणून..."

"असते की. पण तू 'जाऊ नको' म्हणाला असतास, तर राहिलो असतो. आता घराच्या किल्ल्या देऊन बसलो मी. लोक राहायलाही आलेत." त्याने खुर्चीतल्या खुर्चीत पाय लांब केले. "जातो आता सकाळच्या गाडीने."

मास्तरांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलायचे ते हललेच.

"अरे, रडतोस काय असा?" दादा पुढे वाकून त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाला. "इंजिनाचं काय एवढं मनाला लावून घेतोस? होईल ते दुरुस्त."