देवमनच्या विहिरीचं गोड पाणी

धनजच्या वळणावर रॉकेलचा टँकर उलटला आणि पुढे देवमनच्या विहिरीला असा वास सुटला, की बैलसुद्धा हौदाला तोंड लावून मागे सरू लागले. त्याची बायको बेबीबाई आळीतल्या बायांबरोबर गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून, दुर्गाबाईच्या विहिरीवरून हंडे वाहू लागली. विहीर साफ झाल्याशिवाय गप बसायचं नाही, असा देवमनने पणच केला. तालुक्याला चपला झिजवून त्याने अखेर एक साहेब जीपसकट गावात आणला.

"मुंबईला कंप्युटर आहे," साहेब म्हणाले. "रॉकेल जमिनीखालून कुठे सरकतंय, कुठे बोअर मारून उपसायचं, सगळं तो बसल्या जागी मांडून दाखवतो. फक्त प्रत्येक विहिरीचं बाटलीभर पाणी हवं."

देवमनने घरोघर बाटल्या वाटल्या, भरलेल्या गोळा केल्या, वर नावं डकवली.

उत्तर आलं ते धोतराएवढ्या लांब कागदावर. साहेबांनी ते ओसरीभर उलगडलं. "उपसायची गरजच नाही! साऱ्या गावाखाली एकच पाणी. रॉकेलचा थेंब नाही."

"अन् माही विहीर?"

"तीही गोडच."

देवमन तडक चुलीपाशी गेला. "बाटली कोन्या विहिरीची भरली वं?"

"दुर्गाबाईच्या. समद्या बायाइनं तितलीच भरली. साह्यबाकडे वास मारतं पानी धाडू काय? गावाची काही इज्जत हाय का नाही?"

देवमनने बाहेर येऊन सारं सांगितलं. साहेब हसले. "माणूस फसेल, कंप्युटर नाही."

"मंग सोता पिऊन पाहा! बेबे, आपल्या विहिरीचं पानी आन!"

तांब्या आला. साहेबांनी घटाघटा रिकामा केला. "अमृत!"

देवमनने दाराकडे पाहिलं. बेबीबाई दबक्या आवाजात म्हणाली, "घरी आलेल्या पाव्हन्याले रॉकेल पाजू काय वो?"

साहेबांनी कागदावर 'तक्रार निकाली' असा शेरा मारला आणि जीपला टांगलेली पाण्याची छागल सोडून पुढे केली. "एवढी भरून आण. मालेगावपर्यंत जायचंय, ऊन फार."

या खेपेला देवमन स्वतः गेला. स्वतःच्याच विहिरीवर.

जीप धुरळा उडवत निघाली. वळणावर थांबली. बराच वेळ कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. मग तिने तोंड फिरवलं.

"चाय ठेव वं," देवमन शांतपणे म्हणाला. "साह्यब वापस येऊन राह्यले."

"ठेवतो," बेबीबाईने हंड्यात डोकावलं. "पानी कोन्या विहिरीचं घालू?"