चौथं माणूस

धाकट्या पंकजसाठी मुलगी पाहायला निघायचं म्हणून लक्ष्मणरावांचं घर सकाळपासून नटूनथटून बसलं होतं. गाडी धुऊन झाली, नारळ पिशवीत पडला, आणि ऐन पाय उचलायच्या वेळी जयवंताबाईंच्या लक्षात आलं की निघणारी माणसं तीनच आहेत. त्या स्वतः, त्यांचा नवरा आणि नवरामुलगा. थोरला राजकुमार बियाण्याच्या कामासाठी आदिलाबादला गेलेला, आणि त्याची बायको रंजीता उटनूरच्या शाळेत शिकवणारी, तिला परीक्षेची ड्युटी. जयवंताबाईंनी पायातली चप्पल काढली आणि ओसरीवर बसकण मारली.

"तीन तिघाडा, काम बिघाडा! मी काई येत नाय."

"मंग आमी दोघंच जातो," लक्ष्मणराव म्हणाले.

"अन् माय कुठी हाय म्हून इचारलं तं काय सांगता? मेली म्हणता?"

रंजीता शाळेची पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "आत्याबाई, पिशवीत एक गोटा ठेवा न. चौथा म्हून. लोकं ठेवतेतच."

"सोयरिकीले जाताना गोटा नेऊ? अन् उद्या सून गोटा निघाली मंग?"

जयवंताबाईंची नजर अंगणभर फिरली आणि रंजीताच्या सव्वादोन वर्षांच्या मुलीवर, प्रगतीवर येऊन थांबली. प्रगती तेव्हा कोंबडीला चप्पल घालायच्या खटपटीत होती. "ही झाली न चौथी!" जयवंताबाई म्हणाल्या आणि उठल्यासुद्धा.

"एवढ्या उन्हात काऊन नेता तिले?" रंजीता म्हणाली. "शेजारच्या सोजरबाईपाशी ठेवतोच न आपण रोज."

"गाडीत एसी हाय," लक्ष्मणराव म्हणाले. उन्हाचा बंदोबस्त आपण जातीने केला आहे, असा त्यांचा सूर होता. गाडी घरी येऊन दोन महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्यांनी गाडीचं जेवढं कौतुक केलं, तेवढं दोन्ही मुलांचं मिळून कधी केलं नव्हतं.

गावात लक्ष्मणरावांना वचकणारी माणसं पुष्कळ होती. लक्ष्मणराव मात्र एकाच माणसाला वचकून असत, आणि ते माणूस म्हणजे ही सून. तिने पाण्याची बाटली, टोपी आणि सुकं फडकं पिशवीत घातलं आणि सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "मामाजी, उतरताना आधी पोरगी उतरवा. मंग नारळ अन् मंग मान-पान."

"हो हो, मले काय कळत नाय?" लक्ष्मणराव म्हणाले. ती वळेपर्यंत वाट पाहून म्हणाले, एवढंच.

नार्नूरहून गाडी सुटली. पुढे पंकज आणि लक्ष्मणराव, मागे आजी आणि नात. बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं ओतत होतं आणि लक्ष्मणराव एसीचं बटण दर पाच मिनिटांनी उगाच कमी-जास्त करत होते. इंद्रवेल्लीला रस्त्याच्या कडेला एक भलंमोठं धूड रुमाल हलवत उभं होतं. ही सोयरीक सुचवणारे नागनाथमामा. ते आपल्या मोटारसायकलने परस्पर गुडीहत्नूरला यायचे होते, पण उन्हाने त्यांचा विचार बदलला होता.

"मागं बसलो का मले उलटी होते," दार उघडताच त्यांनी जाहीर केलं.

नव्या गाडीत उलटी, ही कल्पनाच लक्ष्मणरावांना सोसवली नाही. ते मुकाट्याने पुढची गादी सोडून मागे जाऊन बसले. प्रगती दोघांच्या मध्ये पाय पसरून झोपली होती. एसीच्या झोताने तिच्या अंगावर काटा आलेला बघून त्यांना माया दाटून आली. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात नातीला थंडी वाजू नये म्हणून आजोबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून टाकलं.

गुडीहत्नूरला पोचले तेव्हा बारा वाजायला आले होते. मुलीचे वडील दौलतराव हात जोडून दारात उभेच होते. "पावणे, गाडी इकडं लिंबाखाली लावा. सावली हाय."

"नोको नोको," लक्ष्मणराव आतूनच ओरडले. "झाडावर पाखरं हायेत. घाण करतेत. पंकज, तिकडं मोकळ्यात घे!"

गाडी रणरणत्या मोकळ्यात उभी राहिली. जयवंताबाईंच्या बाजूचं दार उघडायला तिकडच्या दोन बायाच धावल्या आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. लक्ष्मणराव दुसऱ्या बाजूने उतरले ते थेट गाडीच्या मागच्या बाजूला गेले, कारण वाटेत एक खडा उडाल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. ओरखडा नव्हता. त्यांनी समाधानाने काचा वर आहेत ना ते पाहिलं, पंकजने चावीचं बटण दाबलं, गाडी टुकटुक बोलली.

दारात पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. उंबरा ओलांडण्याआधी जयवंताबाईंनी मागे वळून पदराआडून बोटं दुमडत मोजलं. हे, पंकज, नागनाथमामा, मी. चार. त्यांच्या जिवाला बरं वाटलं. उजवा पाय पुढे टाकून त्या आत गेल्या.

बैठकीत कूलर घरघरत होता. पाणी आलं, सरबत आलं. दौलतरावांनी विचारलं, "प्रवासात तरास नाय झाला न?" आणि लक्ष्मणरावांना हवी ती संधी मिळाली.

"तरास कायचा? आमची गाडी म्हंजे खोलीच हाय. काच लावली का बाहेरचा आवाज आत नाय अन् आतला बाहेर नाय. आतमधी कोणी बोंबललं तरी बाहेरच्याले पत्ता लागत नाय, बोला!"

"वा!" दौलतराव म्हणाले.

एवढ्यात बाहेरून खळ्ळकन आवाज आला.

"गल्लीतले पोट्टे," दौलतराव ओशाळून म्हणाले. "किरकेट खेळून राह्यले असतीन."

"फुटली वाटते कोणाची तरी काच," लक्ष्मणराव मिशीतल्या मिशीत हसले. "वस्तू घेणं सोपं हाय हो. सांभाळाले अक्कल लागते."

मुलगी काही बाहेर येईना. मुलीची आई आत गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली. मग दारातून नुसतं तोंड काढून म्हणाली, "येऊन राह्यली," आणि पुन्हा गडप झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाहुण्यांना वाटलं, लेकीच्या आईचा असाच असतो. नागनाथमामांनी मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं, सरकारी दवाखान्यातल्या नोकरीचं पुन्हा एकदा वर्णन केलं आणि बोलता बोलता तीन लाडू संपवले.

चौथा लाडू जयवंताबाईंनी उचलला. रुमालात बांधत त्या म्हणाल्या, "आमच्या प्रगतीले लय आवडते." त्या डावीकडे वळल्या. तिथे पंकज होता. उजवीकडे वळल्या. तिथे उशी होती.

"अवो, प्रगती कुठी हाय?"

"तुह्यापाशी न?" लक्ष्मणराव म्हणाले.

"माह्यापाशी कुठी? तुमच्या बाजूनं झोपली होती न ते! तुमी उतरवलं न तिले?"

"मले वाटलं तू..."

"मी तं दारात मोजले न! चार होते! माह्या या बोटांनी मोजले!"

"चौथा कोण मंग?" पंकजने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा एकदमच नागनाथमामांकडे वळल्या. मामांचं तोंड चालायचं थांबलं. आपल्या असण्याने एवढा अनर्थ होऊ शकतो, हे त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कळत होतं.

लक्ष्मणरावांना आपलेच शब्द आठवले. आतमधी कोणी बोंबललं तरी. हे आपणच म्हणालो. थोड्या वेळापूर्वी, सरबत पिता पिता, हसत म्हणालो. ते उठले तेव्हा हातातला पेला कुठे पडला ते त्यांना कळलं नाही. अनवाणीच ते त्या तापलेल्या फरशीवर धावले, मागून पंकज, त्याच्या मागून जयवंताबाई मोठमोठ्याने देवाचं नाव घेत.

गाडीच्या पुढच्या दाराची काच फुटलेली होती. मागचं दार सताड उघडं होतं. गादीवर उपरणं पडलं होतं, आणि उपरण्यात कोणीच नव्हतं.

पंकजने गादीवर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. "बाबा, तवा झाला हो याचा!" तो रडवेला होऊन म्हणाला.

"नेली! कोणी तरी नेली माही पोर!" जयवंताबाई तिथेच मातीत बसल्या. उपरणं छातीशी धरून लक्ष्मणराव त्या उन्हात नुसते उभे राहिले. आयुष्यात त्यांनी पुष्कळ वाईट दिवस पाहिले होते, पण आपणच आपल्या हाताने असा दिवस आणल्याचा अनुभव त्यांना नव्हता.

"पावणे, अवो पावणे, इकडं या! मागं या!" दौलतराव परसदारी उभे राहून हाका मारत होते.

परसात पाण्याच्या टाकीजवळ, सावलीला, एक मुलगी पाय पसरून बसली होती. अंगावरची नवी जरीची साडी गुडघ्यापर्यंत चिंब. एका हाताला फडकं बांधलेलं, त्यातून थोडं रक्त उमटलेलं. मांडीवर उघडीबोडकी प्रगती. मुलगी तिच्या मानेवरून, काखेतून ओलं फडकं फिरवत होती आणि चमच्याने घोटघोट पाणी पाजत होती. शेजारी वरवंटा पडला होता. हीच दीपमाला, जिला पाहायला हे लोक आले होते.

"आबा," लाल झालेल्या चेहऱ्याने प्रगती म्हणाली, "काच फुत्ली."

लक्ष्मणराव खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांना कोणी अडवलं नाही.

"बरी हाय आता," दीपमाला म्हणाली. "आमच्या दवाखान्यातल्या डाक्टरले फोन करून इचारलं. संध्याकाळी एकदा दाखवाचं म्हणले. मी आतल्या खिडकीतून पोरगा पाहून राह्यली होती. तं पोरगा नाय दिसला, काचेवर एवढासा पंजा दिसला. पोरगी मागं होती म्हून पुढच्या दाराची काच फोडली. आधी पोरीले गार करू, मंग पावण्यायले सांगू, असं मायले म्हणलं. अजून दहा मिनिटं जर..." तिने ओलं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

थोड्या वेळाने सगळे पुन्हा बैठकीत आले. प्रगती दीपमालाच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती, त्यामुळे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मुलाच्याच घरचं पोर कडेवर घेऊन सुरू झाला. लक्ष्मणरावांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि जगरहाटीला लागले.

"झालं ते झालं. पोरगी सुखरूप हाय, देवाची कृपा. आता हे रंजीताच्या कानावर घालाची गरज नाय. काच काय, रस्त्यानं गोटा उडून फुटली म्हून सांगू."

"तिच्या मायले सांगणार नाय?" दीपमालाने विचारलं.

"काऊन उगा जिवाले घोर?"

"उगा?" दीपमाला म्हणाली. "आधी तिले फोन लावा. मंग माही काय इचारपूस करायची ते करा."

"इथं रेंज नसंल," लक्ष्मणराव म्हणाले. पंकजच्या मोबाइलवर चारही काड्या उभ्या होत्या.

"माह्या फोनवर नुसते येतेत, इथून जात नाय," जयवंताबाई घाईघाईने म्हणाल्या. नागनाथमामा म्हणाले, "मी तं परका माणूस," आणि ज्या कुटुंबात आपण चौथे ठरलो होतो त्यातून त्यांनी तत्काळ अंग काढून घेतलं. पंकजने दीपमालाकडे पाहिलं, प्रगतीकडे पाहिलं आणि नंबर लावला. पण पलीकडून "बोला भाऊजी, पोचले काय?" ऐकू आलं मात्र, त्याने फोन वडिलांसमोर धरला.

लक्ष्मणरावांनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"सूनबाई, मी बोलतो. आमी प्रगतीले गाडीत इसरलो. उन्हात, काचा लावून. सावली सोडून मीच गाडी मोकळ्यात लावाले सांगितली. अन् आत सरबत पीत बसलो. चुकी माही हाय, कोणाचीच नाय. तू सांगितलं होतं."

कूलर घरघरत राहिला. लक्ष्मणरावांना वाटलं, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आता कशी हाय?" अखेर आवाज आला, पार बारीक.

"चांगली हाय. पाणी पिऊन राह्यली. या घरच्या पोरीनं काच फोडून काढलं तिले."

"तिले द्या फोन."

दीपमाला फोन कानाला लावून, प्रगतीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मधूनच रडल्याचा आवाज आला, मधूनच चक्क हसल्याचा. बाहेर मुलाकडची मंडळी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखी मान खाली घालून बसली होती. लाडवाला कोणी हात लावला नाही, नागनाथमामांनीसुद्धा नाही.

शेवटी दार उघडलं. दीपमालाने फोन लक्ष्मणरावांच्या हातात दिला.

"वयनी शाळेतून निघाल्या. त्या येतपर्यंत पोरगी कोणाच्याच हाती द्याची नाय म्हणल्या."

लक्ष्मणरावांनी मान हलवली. त्यांना ते मान्य होतं. मग हात जोडून, आयुष्यात कधी नव्हे इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "पोरी, आमच्याकडून तं तू पसंत हायेस. पण आता कोणत्या तोंडानं म्हणू?"

दौलतरावांनी भीतभीत लेकीकडे पाहिलं. "मंग काय सांगू, बाई, पावण्यायले?"

दीपमालाने झोप येऊ लागलेल्या प्रगतीचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं आणि पंकजला पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मले जाऊ पसंत हाय," ती म्हणाली. "पोराचं मंग सांगतो."