चौतीस इंची घोडेस्वार

मी गळ्यात टेप घालतो तो केवळ गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून! तीस वर्षं येळ्ळूरात कपडे शिवतोय. माणूस दारातून आत येईपर्यंत माझं माप घेऊन झालेलं असतं. एक नजर टाकली की कात्री चालू!

त्यामुळं एमएला इतिहास शिकणाऱ्या आमच्या लेकीनं, सौम्यानं कॉलेजच्या प्रदर्शनासाठी प्राचीन चिनी घोडेस्वाराचं चिलखत मागितलं, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "चिलखत माझं, घोडं माझं, वर बसणारा गडीबी माझा! तू निस्तं माप सांग."

बाहेरगावच्या परीक्षक मॅडम येणार होत्या आणि वर्षाचे निम्मे मार्क ह्या एकाच गोष्टीवर होते. सौम्यानं कागद दिला. उंची पाच फूट आठ, छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस.

"सौम्या, ह्यो लढाईला निघालाय का दवाखान्यातनं आलाय?"

"आप्पा, त्यांचे मातीचे पुतळे घावल्यात न्हवं, ते असेच हाईत. उंच, पर सडपातळ. घोडी बुटकी, गडी चपळ लागायचा!"

मी मान डोलावली. पण आमचं गाव कुस्तीचं! असला काटकुळा योद्धा बघून लोक हसतील आणि पोरीचे मार्क जातील, ह्या काळजीनं मी गुपचूप छाती अठ्ठेचाळीस केली. वरून सीटकव्हरचं रेक्झिन, आत गादीचा कापूस! घालायला भरमू पैलवान ठरवला आणि बसायला शेजारच्या भावकूचं गाडी-शर्यतीचं तट्टू.

प्रदर्शनाच्या सकाळी कॉलेजच्या मैदानात भरमू चिलखत घालून उभा राहिला आणि सौम्याचा चेहराच उतरला.

"आप्पा, ह्ये काय?"

"गप गं! बघ तर खरं!"

भरमू बाकावर चढून तट्टूवर बसला. तट्टूनं एकदा मागं वळून बघितलं आणि मागचे पाय दुमडून शांतपणे खाली बसलं! भरमू घसरत घसरत मैदानावर.

"भरम्या, परवा शर्यत हाय!" भावकू ओरडला. "तट्टूला काय झालं तर तुलाच जुपीन गाडीला!"

सगळं कॉलेज खो खो हसलं. सौम्या सोडून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम अर्ध्या तासात येत्यात. मी दिलेलं माप वाचलं तरी हुतं का तुम्ही?"

वाचलं होतं हो! म्हणून तर जास्त लागलं.

"काढ रं भरमू ते," म्हणत मी कात्री काढली. पण आता बसायचं कुणी? सौम्याच पुढं झाली. "मी बसते. ल्हानपणी बसलीया की भावकूकाकांच्या तट्टूवर."

मी सवयीनं नजर टाकली. "पाच फूट चार!" म्हणालो आणि कापड धरलं. तेवढ्यात आमची बायको अक्काताई मध्ये पडली. "आज मापूनच कापायचं!"

मापलं. पाच फूट आठ! पुन्हा मापलं. पाच फूट आठच, आणि कंबर अठ्ठावीस! मला ती अजून दहावीतलीच दिसत होती, त्याला मी तरी काय करू?

उसवून, कापून, जमेल तिथं टाचून वीस मिनिटांत चिलखत तिच्या अंगावर बसवलं. ती ताठ मानेनं चढली आणि तट्टू ऐटीत चालू लागलं! परीक्षक मॅडमनी तट्टूभोवती दोन फेऱ्या मारून बघितलं.

"अगदी बरोबर बांधा! कुणी शिवलं?"

"आमच्या आप्पांनी!" वरून सौम्या म्हणाली. पोर माझी किती मोठ्या मनाची! मी रुमालानं डोळे पुसत होतो, तेवढ्यात अक्काताई शेजारी येऊन उभी राहिली.

"अवो, एक इचारू?"

"इचार की!"

"लग्नापासनं माझं एकूण एक पोलकं आवळ हुतंय. आणि तुम्ही म्हणताय, मी सुटलीया!"

सध्या दुकान बाहेरून बंद आहे. आत सतरा पोलकी उसवणं चालू आहे.